दप्तर हलवताना मालकाला विचारा

शेतकऱ्याची जमीन दोन ठिकाणी असते. एक वावरात आणि दुसरी दप्तरात. वावरातली जमीन आपण वखरतो, पेरतो, डवरतो. तिला काय हवे-नको ते पायाला कळते. दप्तरातली जमीन मात्र दुसऱ्याच्या हाती. बँक कर्ज देते ते दप्तरातल्या जमिनीवर, अनुदान येते ते दप्तरातल्या पिकावर आणि भाऊबंदकीचा खटला चालतो तो दप्तरातल्या नावावर. वावरात पऱ्हाटी कमरेइतकी उभी असली आणि दप्तरात ‘पड’ लिहिले असले, तर सरकारच्या लेखी ते वावर पडच.

हे दप्तर आता लाल फडक्यात बांधलेले राहिले नाही. ते सर्व्हरवर गेले आहे. म्हणून या बैठकीपुढे आम्ही एक वेगळा विषय ठेवत आहोत. सर्व्हरवरच्या डेटाबेसची आवृत्ती बदलायची असते तेव्हा ती कोणी, कधी आणि कोणाला विचारून बदलावी? कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून ही मंडळी यंत्राच्या गोष्टी काय करीत बसली, असे काहींना वाटेल. त्यांनी जरा दम धरावा. भावाचा प्रश्नही आता याच खिडकीतून आत येतो.

२०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी राज्य सरकारने २०२४ साली हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले. पात्र कोण? सुरुवातीच्या अटीप्रमाणे, ज्याची ई-पीक पाहणीत नोंद तो. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभावाने खरेदी करण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी मागितली. नोंदणीला काय हवे? जमिनीची आणि पिकाची नोंद. म्हणजे कापूस वेचून गाडीत भरला तरी नोंद सापडली नाही तर गाडी फाटकाबाहेर आणि व्यापारी देईल तो भाव. नोंद ज्या सर्व्हरवर आहे त्याच्या तब्येतीची चौकशी शेतकऱ्याने करायची नाही तर कोणी?

दप्तर नव्याने लिहिले जाण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. हाताने लिहिण्याच्या काळात सातबाऱ्याच्या वह्यांचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे. जुनी वही भरली, फाटली की तलाठी नवी वही घेऊन त्यात चालू नोंदी उतरवून काढी. त्यात कोणाचा हिस्सा गळाला, कोणाच्या आण्याचे पैसे झाले, कोणाचे ‘इतर हक्क’ रकान्यातले नाव जुन्या वहीतच राहून गेले. हे गळालेले नाव परत आणण्यासाठी किती घरांनी तालुक्याच्या पायऱ्या झिजवल्या, ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

संगणक आला तो याच आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखातून. १९८८-८९ साली केंद्र सरकारने जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशात आठ जिल्हे निवडले. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. पुढे योजना इतर जिल्ह्यांत गेली. २००८ मध्ये तिचे राष्ट्रीय कार्यक्रमात रूपांतर झाले. तालुक्याच्या संगणकावरची माहिती राज्याच्या एका ठिकाणी आली आणि फेरफारही तिथेच होऊ लागले. वहीतले आणि संगणकातले जुळेना, तेव्हा दुरुस्तीसाठी आधी ‘एडिट’ आणि मग ‘री-एडिट’ अशा दोन फेऱ्या कराव्या लागल्या आणि २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला. २०२१ च्या १५ ऑगस्टला ई-पीक पाहणी आली, पुढच्याच खरिपात तिची दुसरी आवृत्ती आली. पुनर्लेखन थांबलेले नाही. दहा वर्षांनी होत होते, ते आता दोन-तीन वर्षांनी होते आणि तलाठ्याच्या बोरूऐवजी यंत्र करते, एवढाच फरक.

मोबाईलमधले ॲप बदलले की आपल्याला दिसते. त्याच्या मागचे कोठार बदलते ते दिसत नाही. या कोठाराला डेटाबेस म्हणतात. डेटाबेस म्हणजे एक कारकून समजा. लाखो उतारे त्याने कप्प्याकप्प्यांत लावून ठेवलेले असतात आणि मागितला तो क्षणात काढून देतो. या कारकुनाच्याही आवृत्त्या निघतात. किरकोळ दुरुस्ती असेल तर कप्पे तसेच राहतात. मोठी आवृत्ती आली की कप्प्यांची मांडणीच बदलते आणि सगळा माल जुन्या मांडणीतून नव्या मांडणीत न्यावा लागतो. जगभर मोफत वापरला जाणारा ‘पोस्टग्रेस’ नावाचा डेटाबेस आहे. त्याची मोठी आवृत्ती दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. त्याची २०२० ची तेरावी आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. आपल्या सरकारकडे कोणत्या नावाचा कारकून आहे, हा आजचा मुद्दा नाही. म्हातारपण सगळ्यांनाच येते.

मग बदलूच नये का? आम्ही असे म्हणणार नाही. ज्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणे बंद झाले तिच्यावर दप्तर ठेवणे म्हणजे कुंपण मोडलेल्या वावरात हरभरा पेरणे. चोरांना भगदाड कुठे आहे ते कळलेले असते आणि बुजवायला कोणी येत नाही. शेतकऱ्याने नव्या तंत्राला कधी नाही म्हटलेले नाही. संकरित ज्वारी त्याने पेरली, संकरित कापूस त्याने पेरला. पण पेरण्याची त्याची एक रीत आहे आणि तीच रीत सर्व्हर हलवणाऱ्यांनी शिकावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता बिघडते काय ते पाहू.

पहिले, अक्षर. आपल्या वऱ्हाडाचेच नाव घ्या. त्यातला अर्धा ‘र’ संगणकात दोन वेगळ्या रीतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रीतीत एक न दिसणारे जोडचिन्ह असते. ते हलवाहलवीत गळाले की ‘वऱ्हाडे’ आडनावाचा माणूस ‘वर्हाडे’ होतो. मराठी साठवण्याचे १९९१ चे भारतीय मानक वेगळे, आजचे युनिकोड वेगळे. जुन्या नोंदी एका रीतीच्या आणि नव्या दुसऱ्या रीतीच्या असल्या, तर बापाचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे असे यंत्र समजते. वारसाची नोंद तिथे अडते.

दुसरे, अनुक्रम. नाव पटकन सापडावे म्हणून डेटाबेस वर्णानुक्रमाने अनुक्रमणिका ठेवतो. आवृत्तीबरोबर मशीनची मूळ प्रणालीही बदलली आणि तिचे वर्णक्रमाचे नियम वेगळे असले, तर जुनी अनुक्रमणिका नव्या क्रमाशी जुळत नाही. २०१८ साली लिनक्स प्रणालीच्या मुळातल्या एका भागात हे नियम बदलले आणि जगभरच्या डेटाबेस सांभाळणाऱ्यांना अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागल्या. ज्यांनी बांधल्या नाहीत त्यांच्याकडे नोंद कोठारात असूनही शोधल्यावर सापडेना. खिडकीवरचा माणूस अशा वेळी ‘तुमचे नावच नाही’ म्हणून मोकळा होतो. तो खोटे बोलत नाही, आणि आपले वावरही कुठे गेलेले नसते.

तिसरे, वेग. कोणत्या कप्प्यात किती माल आहे याचा कारकुनाने एक अंदाज बांधलेला असतो. त्यावरून तो शोधण्याची वाट ठरवतो. आवृत्ती बदलताना हा अंदाज बरेचदा मागे राहतो. तो पुन्हा बांधून घेतला नाही तर नव्या गड्यासारखी गत होते. ताकद भरपूर, पण कोणते पोते कोणत्या कोपऱ्यात ते ठाऊक नाही. सोमवारी कचेरी उघडते, एकदम गर्दी होते आणि ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लागते.

या तिन्ही दोषांवर उपाय आहेत आणि जाणकारांना ते माहीत आहेत. मग चिंता कशाची? चिंता अशी की चूक यंत्राची झाली तरी हेलपाटे शेतकऱ्याचे होतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १५७ सांगते, की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे हलवताना चुकलेली नोंदही खरी आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायचे ज्याचे नुकसान झाले त्यानेच. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे, पण त्यासाठी अर्ज करा, जुना उतारा जोडा, तारखेला हजर राहा. एका आडनावातला एक ‘र’ घसरला तर मजुरीचे किती दिवस बुडतात, याचा हिशेब सर्व्हरच्या खर्चात कुठेच धरलेला नसतो.

आता आपल्या मुलखापासून दूरचे एक उदाहरण घेऊ. मुद्दाम दूरचे, कारण राज्याच्या सातबाऱ्याचे कोठार सामाईक आहे आणि ते एकट्या कापसाच्या सोयीने हलवता येणार नाही.

रायगड जिल्ह्यात, किनाऱ्याच्या बाजूला तळा नावाचा लहानसा तालुका आहे. पूर्वी हा भाग माणगाव तालुक्यात मोडत असे. डोक्यावर तळगड किल्ला, पलीकडे कुड्याची लेणी आणि मांदाडची खाडी. खाली भाताची खाचरे, डोंगरउतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. कापसाचे बोंड तिथे दिसायचे नाही. आपल्याकडे एका गटावर दोन-तीन नावे आणि क्षेत्र हेक्टरांत. तिथे हिश्शाचा पोटहिस्सा, क्षेत्र गुंठ्यांत आणि एका उताऱ्यावर आजोबांपासूनच्या साऱ्या सहहिस्सेदारांची रांग. त्यातले निम्मे मुंबईला. ‘इतर हक्क’ रकान्यात कुळांची नावे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक व्हायचे ठरले. पण कित्येक घरांचा हक्क अजून त्या एका रकान्यातल्या ओळीवर लटकलेला आहे. ती ओळ गळाली तर कागदोपत्री तीन पिढ्यांची कसणूक पुसली गेली. विदर्भाच्या सुटसुटीत उताऱ्यावर चाचणी घेऊन ‘सर्व ठीक’ म्हणणाऱ्याला तळ्याच्या उताऱ्यात काय तुटेल याची कल्पना येणार नाही.

आणि सर्व्हर बंद ठेवायचा कधी? शहरातल्या कचेरीचे उत्तर सोपे असते: सुट्ट्यांत. गणपतीत ठेवा, दिवाळीत ठेवा. आता पाहा. गणपतीला तळ्यातले मुंबईकर गावी येतात. वर्षात तेच चार दिवस असे, की सगळे सहहिस्सेदार एका ओसरीवर बसलेले असतात आणि वाटप, हक्कसोड, वारसनोंद यांचा विषय निघतो. उतारा लागतो तो तेव्हाच. त्याच दिवसांत आपल्याकडे खरिपाची पीक पाहणी चालू असते. दिवाळीला तळ्यात भात कापून खळ्यावर येतो आणि आपल्याकडे कापसाच्या खरेदीची नोंदणी असते. एप्रिल ते जून पीककर्ज. जुलैअखेर पीकविमा. डिसेंबर-जानेवारी रब्बीची पाहणी. मार्चमध्ये बँकेची वर्षअखेर आणि कोकणात शिमगा. बारा महिने मोजले तर दोन्ही मुलखांना त्यातल्या त्यात परवडणारा एकच काळ उरतो, तो फेब्रुवारीचा. हे गणित करायला संगणक लागत नाही, गावात राहावे लागते.

तळ्याने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दक्षिण रायगडात घरांची छपरे उडाली, बागा झोपल्या, वीज कित्येक दिवस आली नाही. पंचनाम्याला उतारा हवा आणि उतारा काढायला वीज नाही, रेंज नाही. सर्व्हर दूर कुठेतरी सुखरूप असला म्हणून तळ्याच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? बंद सर्व्हर आणि न पोहोचणारा सर्व्हर, शेतकऱ्याला दोन्ही सारखेच. म्हणून यंत्र बंद असतानाचे काम कसे चालेल याची तजवीज आधीच लिहून ठेवलेली असली पाहिजे.

हे सगळे आपल्याकडेच होते असे समजू नका. इंग्लंडात टीएसबी नावाची बँक आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपल्या सुमारे ५० लाख ग्राहकांचे खाते-दप्तर शनिवार-रविवार गाठून एका दमात नव्या प्रणालीवर नेले. माहिती पोहोचली, पण नवी प्रणाली भार पेलेना. लाखो लोकांना आपल्याच खात्याचे दार उघडेना आणि घडी पूर्ववत बसायला डिसेंबर उजाडला. २०२२ साली तिथल्या नियंत्रकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. पैसा, माणसे, यंत्रे कशाचीच वाण नसलेल्या देशात ही गत. फरक एवढाच, की तिथे दप्तर हलवण्यात हयगय झाली तर जाब विचारणारा कोणीतरी होता.

आपल्याकडे जाब आपणच विचारायचा आहे. तो तलाठ्याला विचारून उपयोग नाही. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. नाव वाढले, पण सर्व्हर चालत नाही तेव्हा आपण खिडकीच्या बाहेर ताटकळतो आणि तो आत. जाब विचारायचा तो हलवण्याचा दिवस ठरवणाऱ्यांना. शेतकऱ्याच्या रीतीतून निघालेल्या सहा मागण्या आम्ही बैठकीपुढे ठेवत आहोत.

एक. नवे वाण कोणी सगळ्या वावरात एकदम पेरत नाही. आधी चार तास पेरून पाहतो. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीची चाचणी आधी दप्तराच्या प्रतीवर व्हावी. तीत वर्ध्यासारखा सुटसुटीत उताऱ्यांचा तालुका असावा आणि तळ्यासारखा गुंतागुंतीचाही असावा. सोमवारच्या गर्दीइतका भार टाकून चाचणी व्हावी.

दोन. बियाण्याची ज्वारी आपण वेगळी काढून ठेवतो. पण नुसती ठेवून भागत नाही. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहतो. दप्तराची राखीव प्रत आहे, असे नुसते सांगू नका. त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करून दाखवा आणि मगच मूळ दप्तराला हात लावा.

तीन. तेरीज जुळवा. हलवण्याआधी आणि नंतर प्रत्येक गावाची खाती किती, एकूण क्षेत्र किती, ‘इतर हक्क’ रकान्यातल्या नोंदी किती, याचा गोषवारा चावडीवर लावा. क्षेत्राची बेरीज भूमी अभिलेखाच्या आकारबंदाशी जुळली पाहिजे. या तीन आकड्यांना एक कागद पुरतो आणि गावातला कोणीही शाळकरी पोर ते ताडून पाहील.

चार. परतीची वाट ठेवा. जुना सर्व्हर किमान एक खरीप आणि एक रब्बी तसाच, नवी नोंद न घेता, जपून ठेवा. वाद निघाला तर जुने पान उघडून पाहता आले पाहिजे.

पाच. बंदचे दिवस शेतकऱ्याच्या खात्यातून कापू नका. सर्व्हर जितके दिवस बंद, तितके दिवस पीक पाहणी, विमा, खरेदी नोंदणी, फेरफाराची हरकत या सगळ्या मुदती आपोआप वाढाव्यात. बंदच्या काळात आधीचा सहीचा छापील उतारा बँकेने आणि खरेदी केंद्राने मानावा. बंदची तारीख महिनाभर आधी चावडीवर लागावी.

सहा. हलवताना झालेली चूक खात्याने स्वतः शोधून, स्वतः दुरुस्त करावी. अर्ज नको, फी नको, तारीख नको. चूक आमची नाही, तर हेलपाटाही आमचा नाही.

यातली एकही मागणी पैशाची नाही, सवलतीची नाही. कोणताही सावकार वही बदलताना खातेदाराला समोर बसवून बाकी वाचून दाखवतो. सरकारने सावकाराइतके तरी करावे.

बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्यापुरते एक काम उद्याच करावे. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा निघतो. तो काढावा, सोबत आठ-अ काढावा. नाव, आडनाव, गट, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्क, पीक, सगळे बोट ठेवून वाचावे. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवावे. घरातल्या बाईचे नाव असायला हवे तिथे आहे का तेही पाहावे. तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवावा. उद्या यंत्र काहीही म्हणाले तरी आपल्या हातात ताडून पाहायला एक पान असेल.

आणि बैठकीत या सहा मागण्यांचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे फेब्रुवारी उजाडण्याआधी पोहोचवावा. तळ्याच्या भात-शेतकऱ्यांनाही ठरावाची प्रत पाठवावी. त्यांचे गणपती आणि आपली कपाशी यांचा सर्व्हर एकच आहे, तर ठरावही एकच असू द्या.